वेगवान गाडी, नाजूक मान

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात लाउडन नावाचे छोटे गाव आहे. तिथे मोटार शर्यतींसाठी सुमारे १.७ किलोमीटर लांबीचा लंबगोल ट्रॅक आहे. १२ मे २००० रोजी या ट्रॅकवर सराव चालू असताना अ‍ॅडम पेटी या चालकाची गाडी तिसऱ्या वळणावर भिंतीवर आदळली आणि त्याचा मृत्यू झाला. नऊ वर्षांनी, २८ जून २००९ रोजी, याच ट्रॅकवर जोई लोगानो या चालकाने ‘नॅसकार’च्या सर्वोच्च मालिकेतली शर्यत जिंकली. इतक्या लहान वयात त्या मालिकेत तोवर कोणीच जिंकले नव्हते. दोघांचे वय सारखेच होते, १९ वर्षे.

लोगानोने पुढे २०१८, २०२२ आणि २०२४ अशी तीन अजिंक्यपदे मिळवली. अ‍ॅडमची कारकीर्द मात्र दोन वर्षेही टिकली नाही. शर्यतीत नशिबाचा भाग असतोच. पण या दोन तरुणांच्या मध्ये जी नऊ वर्षे गेली, त्या काळात या खेळात वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने फार महत्त्वाचे काही घडले. माणसाची मान काही त्या नऊ वर्षांत बळकट झाली नाही. बदलली ती गाडीतली आसने, ट्रॅकच्या भिंती आणि मुख्य म्हणजे नियम. हे बदल कसे झाले आणि व्हायला इतका उशीर का लागला, हे समजून घेणे शर्यतीत रस नसलेल्यांच्याही उपयोगाचे आहे.

चौथ्या पिढीचा चालक

‘स्टॉक कार’ म्हणजे मुळात दुकानात मिळते तशी साधी गाडी. १९४८ साली ‘नॅसकार’ ही संस्था सुरू झाली, तेव्हा खरोखरच अशा गाड्या पळवल्या जात. आज फक्त बाह्यरूप बाजारातल्या गाडीसारखे असते. आत पोलादी नळ्यांचा पिंजरा आणि प्रचंड ताकदीचे इंजिन असते. सुमारे दीड टन वजनाच्या तीस-चाळीस गाड्या एकमेकींना जवळजवळ चिकटून लंबगोल ट्रॅकवर शेकडो फेऱ्या मारतात. मोठ्या ट्रॅकवर वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास जातो.

या खेळात पेटी घराण्याचा दबदबा मोठा. अ‍ॅडमचे पणजोबा ली पेटी यांनी १९५९ साली पहिली ‘डेटोना ५००’ शर्यत जिंकली. आजोबा रिचर्ड पेटी यांच्या नावावर २०० विजय आणि सात अजिंक्यपदे आहेत. वडील काइल हेही नामवंत चालक. आपल्याकडे गवयाच्या घरात मूल सुरात रडते म्हणतात, तसे या घरात मूल स्टिअरिंगसह वाढले. १९९८ साली, १८ वर्षांचा होताच, अ‍ॅडमने शार्लट येथे ‘आर्का’ मालिकेतली शर्यत जिंकली आणि त्या मालिकेतला सर्वांत लहान विजेता हा वडिलांचा विक्रम मोडला.

त्याच वर्षी मिनेसोटातल्या एका शर्यतीत त्याच्यावर एक भयंकर प्रसंग ओढवला. गाडी दुरुस्तीसाठी थांबलेली असताना त्याला निघण्याचा इशारा मिळाला. त्याच्या पथकाचा प्रमुख त्या वेळी गाडीखाली काम करत होता. गाडी पुढे गेली आणि तो माणूस दगावला. अ‍ॅडमची चूक नव्हती. तरीही १८ वर्षांच्या मुलाने असा प्रसंग मनात घेऊन पुन्हा त्याच आसनावर बसायचे, हे ओझे लहान नाही. व्यावसायिक खेळात अशा वेळी ‘लवकर गाडीत बसला तर बरा होईल’ असे म्हटले जाते. मनाच्या दुखापतीचा विचार त्या काळी या खेळात जवळपास नव्हताच.

२ एप्रिल २००० रोजी टेक्सासमध्ये अ‍ॅडम सर्वोच्च मालिकेतली पहिली शर्यत धावला. इंजिन बिघडल्याने तो चाळिसावा आला. तीनच दिवसांनी पणजोबा ली पेटी वारले. त्यानंतर दीड महिन्याच्या आतच अ‍ॅडमही गेला. गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर अडकला आणि वेग कमी होण्याऐवजी गाडी त्याच वेगाने भिंतीकडे गेली, असे मानले जाते.

पट्ट्याने धड धरले, डोके सुटले

अ‍ॅडमच्या मृत्यूचे कारण होते कवटीच्या तळाचा अस्थिभंग. ही इजा कशी होते हे समजले, की पुढची सगळी गोष्ट समजते.

गाडी भिंतीवर आदळते तेव्हा ती क्षणार्धात थांबते. चालकाचे धड पट्ट्यांनी आसनाला घट्ट बांधलेले असते, म्हणून तेही गाडीबरोबर थांबते. डोक्याला मात्र कोणी बांधलेले नसते. जडत्वाच्या नियमानुसार ते आधीच्याच वेगाने पुढे जात राहते. त्याला मागे खेचून धरण्याचे काम एकट्या मानेवर पडते.

माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. वर हेल्मेट धरले तर सहा किलोच्या आसपास. धडकेत वेग इतक्या झपाट्याने कमी झाला, की गुरुत्वाकर्षणाच्या पन्नासपट जोर निर्माण झाला, तर मानेला हे सहा किलोचे डोके ३०० किलोसारखे भासेल. मानेचे स्नायू कितीही कमावलेले असोत, तेवढा ताण त्यांना पेलत नाही. शिवाय स्नायू आवळायलाही काही काळ लागतो, आणि ही सगळी घटना त्याआधीच आटोपलेली असते.

कवटीच्या तळाशी एक मोठे छिद्र असते. त्यातून मेंदूचा देठ, म्हणजे मस्तिष्कस्तंभ, खाली येऊन मज्जारज्जूला मिळतो. मानेवर असा ताण आला की या छिद्राभोवतीचे हाड तडकते आणि तिथून जाणाऱ्या रक्तवाहिन्या व मस्तिष्कस्तंभ फाटतात. श्वास आणि हृदयाचे ठोके यांचे नियंत्रण याच जागेतून होते. त्यामुळे मृत्यू जवळजवळ तत्काळ येतो. वरून पाहिले तर चेहऱ्यावर ओरखडाही नसतो, हेल्मेट शाबूत असते, गाडीचा पिंजराही बऱ्याचदा शाबूत असतो. डॉक्टर पोचेपर्यंत करण्यासारखे काही उरलेले नसते. ही इजा बरी करण्याचा प्रश्नच नाही. ती होऊ न देणे एवढाच इलाज आहे.

कॉलर तयार होती

आणि तो इलाज अ‍ॅडम भिंतीवर आदळला तेव्हा उपलब्ध होता.

१९८१ साली मिड-ओहायो ट्रॅकवर पॅट्रिक जॅकमार या चालकाचा याच प्रकारच्या इजेने मृत्यू झाला. त्याचा मित्र जिम डाउनिंग हाही शर्यतीतला चालक. जिमचे मेहुणे रॉबर्ट हबर्ड हे मिशिगन स्टेट विद्यापीठात जैवयांत्रिकीचे प्राध्यापक होते. या दोघांनी विचार केला, की धड आणि डोके वेगवेगळे थांबतात म्हणून मान तुटते, तर दोघांना एकत्रच थांबवावे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांनी खांद्यावर बसणारी एक कॉलर तयार केली. तिला ‘हान्स’ म्हणतात. कॉलरचे दोन पाय छातीवर, खांद्याच्या पट्ट्यांखाली दाबून बसतात आणि मागच्या उंच भागातून निघालेल्या दोन दोऱ्या हेल्मेटला दोन्ही बाजूंनी जोडलेल्या असतात. धडकेत डोके पुढे जाऊ लागले की दोऱ्या ताणल्या जातात आणि मानेवर येणारा ताण कॉलरमार्फत खांद्याच्या पट्ट्यांवर जातो. बस्स, एवढेच. त्यात वीज नाही, संगणक नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ही कॉलर विक्रीला आली. तरीही २००० साली ‘नॅसकार’मध्ये ती वापरणारे चालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. कारणे ऐकली तर ओळखीची वाटतील. अवघडल्यासारखे होते. मान वळवता येत नाही. आग लागली तर बाहेर पडायला वेळ लागेल. आजवर काही झाले नाही, मग आता कशाला? आणि न बोललेले पण सगळ्यांत वजनदार कारण हे, की मोठे चालक वापरत नाहीत.

या आक्षेपांत अगदीच तथ्य नव्हते असे नाही. सुरुवातीची कॉलर बोजड होती आणि जळत्या गाडीतून निसटण्याची भीती या खेळात खरी आहे. पण एका बाजूला गैरसोय आणि दुसऱ्या बाजूला तत्काळ मृत्यू असा हिशेब असताना त्यात सुधारणा करून ती सक्तीची करणे, हे काम संस्थेचे होते. ते झाले नाही.

अ‍ॅडमनंतर आठ आठवड्यांनी, ७ जुलै २००० रोजी, त्याच ट्रॅकच्या त्याच वळणावर ३० वर्षांचा केनी अर्विन गेला. ऑक्टोबरमध्ये टेक्सासमध्ये टोनी रोपर गेला. संस्थेने दरम्यान स्टिअरिंगवर इंजिन बंद करण्याचे बटण सक्तीचे केले, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर अडकला तर काय करायचे याची सोय झाली. मान मात्र तशीच मोकळी राहिली. मग १८ फेब्रुवारी २००१ रोजी ‘डेटोना ५००’च्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट यांची गाडी भिंतीवर आदळली. सात वेळचा विजेता, या खेळाचा सर्वांत मोठा तारा. कारण पुन्हा तेच, कवटीच्या तळाचा अस्थिभंग. नऊ महिन्यांत चार चालक गेले, आणि चौघांचीही जीवघेणी इजा डोके व मान यांच्या आसपासची होती.

तरीही सक्ती लगेच झाली नाही. संस्थेने कॉलर वापरण्याचा आग्रह धरला, बहुतेक आघाडीच्या चालकांनी ती स्वतःहून घेतलीही. मग ऑक्टोबर २००१ मध्ये शार्लट येथे ‘आर्का’ या खालच्या मालिकेच्या शर्यतीत ब्लेझ अलेक्झांडर हा २५ वर्षांचा चालक त्याच इजेने मेला. त्याने कॉलर घातलेली नव्हती. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, १७ ऑक्टोबर २००१ रोजी, ‘नॅसकार’ने आपल्या प्रमुख मालिकांत डोके-मानेचा आधार सक्तीचा केला.

या शेवटच्या मृत्यूत मोठा धडा आहे. शिफारस वरच्या थरात पटकन रुजते. तिथे पैसा असतो, सल्लागार असतात, प्रसिद्धी असते. खालच्या मालिकेत धडपडणारा तरुण मात्र वर पाहून चालतो, पण त्याच्या मागे कोणी उभे नसते. सुरक्षेचे साधन ऐच्छिक ठेवले, की ते सर्वांत शेवटी पोचते ते सर्वांत तरुण आणि सर्वांत कमी पैशाच्या माणसापर्यंत.

भिंतही मऊ झाली

दुसरा बदल भिंतीत झाला. क्रिकेटमध्ये झेल घेताना खेळाडू हात मागे नेतो. चेंडू थांबायला थोडा अधिक वेळ मिळाला की हाताला लागणारा मार कमी होतो. वेळ दुप्पट केली तर सरासरी जोर निम्मा होतो. काँक्रीटची भिंत हात मागे नेत नाही. नेब्रास्का विद्यापीठात डीन सिकिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिंतीला हा गुण दिला. काँक्रीटच्या पुढे फोमचे ठोकळे आणि त्यांच्यापुढे पोलादी नळ्या. गाडी आदळली की फोम दबतो, भिंत थोडी मागे सरते आणि थांबण्याचा काळ वाढतो. २००२ साली इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर अशी भिंत प्रथम बसली आणि पुढे बाकीच्या ट्रॅकवर गेली. आसनेही बदलली. डोके बाजूला झुकू न देणारी, बरगड्या आणि खांदे धरून ठेवणारी आसने आली. २००७ साली आलेल्या नव्या गाडीत चालकाची जागा दारापासून आत सरकवली गेली.

लोगानो १९ वर्षांचा असताना या सगळ्याचा वारस होता. लाउडनच्या विजयानंतर तीनच महिन्यांनी डोव्हर येथे त्याची गाडी अनेक कोलांट्या खाऊन थांबली. तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कोलांट्या खाणारी गाडी दिसायला भीषण असली, तरी तिची ऊर्जा थोडी थोडी करून खर्च होते. सरळ भिंतीवर आदळणे दिसायला साधे, पण शरीराला अधिक घातक. त्यामुळे दोन्ही अपघातांची थेट तुलना होत नाही. आणि कॉलर असती तर अ‍ॅडम वाचलाच असता, असेही छातीठोकपणे कोणी म्हणू नये. पण एक गोष्ट नक्की आहे. फेब्रुवारी २००१ नंतर ‘नॅसकार’च्या तिन्ही राष्ट्रीय मालिकांत शर्यतीतल्या धडकेने एकाही चालकाचा मृत्यू झालेला नाही. आधीच्या नऊ महिन्यांत चार, आणि नंतरच्या दोन दशकांहून अधिक काळात एकही नाही. गाड्या हळू झाल्या नाहीत, चालक अधिक शूर झाले नाहीत.

न दिसणारी दुखापत

मृत्यू थांबले म्हणून प्रश्न संपला नाही. कॉलर मानेला वाचवते. कवटीच्या आतल्या द्रवात तरंगणाऱ्या मेंदूला ती बांधून ठेवू शकत नाही. धडकेत कवटी थांबते आणि आत मेंदू हिंदकळतो, पिळवटतो. यालाच मेंदूचा हादरा, कन्कशन, म्हणतात. डोकेदुखी, चक्कर, तोल जाणे, प्रकाश सहन न होणे, चिडचिड, एकाग्रता न होणे अशी लक्षणे दिसतात. सीटी स्कॅन बहुतेक वेळा स्वच्छ येतो. म्हणूनच ‘स्कॅन नॉर्मल आहे, म्हणजे काही नाही’ हे वाक्य घातक ठरते. पहिला हादरा बरा होण्याआधी दुसरा बसला, तर इजा कितीतरी पटींनी गंभीर होऊ शकते.

डेल अर्नहार्ट यांचा मुलगा डेल ज्युनिअर याची कहाणी म्हणून वाचण्यासारखी आहे. २०१२ मध्ये टायरच्या चाचणीत त्याची गाडी आदळली. त्याने कोणाला सांगितले नाही, शर्यती चालू ठेवल्या. काही आठवड्यांनी तालाडेगात दुसरा हादरा बसला तेव्हा तो डॉक्टरांकडे गेला आणि दोन शर्यतींना मुकला. २०१६ मध्ये पुन्हा तोल आणि नजर स्थिर ठेवणे जमेना, तेव्हा हंगामातल्या शेवटच्या १८ शर्यती त्याला सोडाव्या लागल्या. २०१७ च्या शेवटी तो नियमित शर्यतींतून निवृत्त झाला. आपल्या लक्षणांच्या नोंदी तो बराच काळ गुपचूप फोनमध्ये ठेवत होता, हे त्याने नंतर पुस्तकात सांगितले. आपला मेंदू मृत्यूनंतर संशोधनासाठी देण्याचेही त्याने जाहीर केले आहे.

वडील डोळ्यांदेखत याच खेळात गेलेला, पैसा आणि नाव दोन्ही असलेला हा माणूस. त्यालाही लक्षणे लपवावीशी वाटली. मग ज्याचे आसन पुढच्या हंगामात राहील की नाही याची खात्री नाही, त्या १९-२० वर्षांच्या चालकाने काय करावे? तो गप्पच बसणार. याला भित्रेपणा किंवा खोटेपणा म्हणून चालणार नाही. व्यवस्थाच त्याला गप्प बसायला लावते.

म्हणून २०१४ पासून ‘नॅसकार’ने हंगामापूर्वी प्रत्येक चालकाची स्मृती आणि प्रतिक्रियेची चाचणी सक्तीची केली. धडकेनंतर त्याच चाचणीशी तुलना करता येते. हे योग्य पाऊल होते, पण इतिहास पुन्हा फिरून आला. २०२२ मध्ये आलेल्या नव्या गाडीचा मागचा भाग जास्त ताठ होता. त्या वर्षी जुलैमध्ये पोकोनो येथे कर्ट बुश या माजी विजेत्याची गाडी मागच्या बाजूने भिंतीवर आदळली. दिसायला किरकोळ धडक. त्यानंतर तो पुन्हा सर्वोच्च मालिकेत धावू शकला नाही. पुढच्या हंगामात गाडीचा मागचा भाग मऊ केला गेला. म्हणजे पुन्हा आधी माणूस, मग दुरुस्ती.

याशिवाय रोजची झीज वेगळीच. गाडीच्या आत तापमान ५० अंशांच्या वर जाते. अग्निरोधक कपडे घालून तीन-चार तास बसलेल्या चालकाचे घामावाटे काही किलो वजन उतरते. निर्जलीकरण झाले की निर्णयाला लागणारा वेळ वाढतो, आणि या खेळात तो वाढून चालत नाही. रिक मास्ट या चालकाची कारकीर्द तर वर्षानुवर्षे नाकातोंडात गेलेल्या कार्बन मोनॉक्साइडने संपली. चालक बसून असतो, मग तो कसला खेळाडू, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

संमती कोणाची?

इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. चालक सज्ञान आहे, धोका त्याला माहीत आहे, त्याने तो स्वतःहून पत्करला आहे. मग बाहेरच्यांनी सक्ती का करावी?

या आक्षेपाला वैद्यकशास्त्राची दोन उत्तरे आहेत. पहिले मेंदूच्या वाढीचे. पुढचा विचार करणारा, आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत परिपक्व होत राहतो. बक्षीस आणि थरार यांची ओढ निर्माण करणारी यंत्रणा मात्र किशोरवयातच जोरात असते. म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर आधी येतो, ब्रेक नंतर. आज ‘नॅसकार’च्या ट्रक मालिकेत छोट्या ट्रॅकवर सोळाव्या वर्षी उतरता येते. त्याआधी पाच-सहा वर्षांपासून मुले छोट्या गाड्या चालवत असतात. या वयातल्या संमतीला पालक, पथक, प्रायोजक आणि संस्था यांच्या संमतीपासून वेगळे काढताच येत नाही. आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर मोटरसायकल शर्यतीत बंगळुरूचा १३ वर्षांचा मुलगा दगावला. तेरा वर्षांच्या मुलाने धोका पत्करला, असे कोण म्हणेल?

दुसरे उत्तर असे, की माणूस धोका पत्करतो तो खेळाचा. टाळता येण्याजोगा धोका पत्करायला त्याला सांगण्याचे कारणच नाही. वेग हा शर्यतीचा गाभा आहे, मोकळी मान नाही. कॉलर आल्याने शर्यतीतली चुरस तसूभरही कमी झाली नाही. शिवाय सक्तीचा एक फायदा स्पर्धकालाच होतो. सगळ्यांनीच कॉलर घालायची असेल, तर घालणारा घाबरट ठरत नाही. डॉक्टरने खाली बसवले असेल, तर गाडी सोडणारा कच्चा ठरत नाही. नियम चालकाचे स्वातंत्र्य काढून घेतो असे वाटते, पण खरे तर तो त्याच्या खांद्यावरचे दडपण काढून घेतो.

ती मान आपलीही

हा सगळा धडा ट्रॅकपुरता ठेवला तर तो अर्धाच राहील. जडत्वाचा नियम लाउडनला एक आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गाला दुसरा नसतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. ते दोघे गेले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. गाडी महागडी होती, मजबूत होती. गाडी थांबली तेव्हा मागच्यांना थांबवणारे काही नव्हते.

त्या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. कुठल्याही जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात एक रात्र काढली, तर या आकड्यातली माणसे दिसतात. बहुतेक तरुण. बाइकवरून आलेली, हेल्मेट हँडलला अडकवलेले किंवा डोक्यावर असून पट्टा न लावलेले. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्या धडकेतच उडून जाते. नातेवाइकांची कारणे तीच असतात. जवळच जायचे होते. गरम होते. मागे कशाला पट्टा? केस खराब होतात. आजवर काही झाले नव्हते. २००० सालच्या चालकांच्या तोंडची वाक्ये आणि ही वाक्ये शेजारी ठेवली, तर फरक फक्त भाषेचा आहे.

उपायही तेच. पहिला, साधन ऐच्छिक नको. मागच्या सीटच्या पट्ट्याचा नियम आपल्याकडे कागदावर आहेच, तो नाक्यावर दिसायला हवा. दुसरा, ‘काही झाले नाही’ म्हणणाऱ्या जखमीलाही तपासायला हवे. डोक्याला मार बसल्यावर दोन दिवस कोणीतरी लक्ष ठेवावे. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, फिट यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब रुग्णालयात आणावे. शाळेत कबड्डी-फुटबॉल खेळताना डोके आपटलेल्या मुलाला त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये, तो कितीही हट्ट करो. तिसरा, मोठ्यांनी आधी वापरावे. वडील पट्टा न लावता गाडी चालवत असतील, तर मुलाने हेल्मेट घालावे ही अपेक्षा पोकळ आहे. ‘नॅसकार’मध्येही मोठ्यांनी घातली नाही म्हणून लहानांनी कॉलर घातली नव्हती.

अ‍ॅडम पेटी हयात असताना आजारी मुलांना भेटायला रुग्णालयांत जात असे. दीर्घ आजार असलेल्या मुलांसाठी एक शिबिर असावे, ही त्याची इच्छा होती. त्याच्या घरच्यांनी २००४ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या रँडलमन येथे ती पूर्ण केली. ‘व्हिक्टरी जंक्शन’ नावाच्या या शिबिरात मुलांना मोफत येता येते. दुःखातून काही उभे करणारी माणसे थोर खरीच. पण मुलगा जाण्याआधी कॉलर सक्तीची झाली असती, तर कदाचित ते शिबिर अ‍ॅडमने स्वतःच उभारले असते. आपल्या घरातली एकोणीस वर्षांची मुले आज संध्याकाळी बाइकची किल्ली उचलतील, तेव्हा दारातच त्यांना थांबवावे आणि हेल्मेटचा पट्टा लागल्याचा आवाज ऐकूनच पुढे सोडावे.